पावलांचा तक्ता

डुलुथच्या आमच्या शाळेत फेब्रुवारीत
सगळ्यांना मनगटी पट्टे वाटले.
'निरोगी कर्मचारी, आनंदी शाळा.'
नोंदी माझ्याकडे, कारण मी नर्स.

पहिल्याच आठवड्यात किचनमधल्या पा हूआनं
पट्टा कणकेच्या यंत्राला बांधला.
बसवाली लोर्ना म्हणाली,
माझी बस रोज साठ मैल चालते, ते धरा की.
धरले नाहीत. नियमात बसत नव्हते.

आणि रेनो सोर्सा,
फरशा पुसता पुसता एकवीस हजार.

मग तक्त्यात दिसलं ते:
रात्री दोन ते चार, रोज, आणखी चार हजार.
झोपेच्या रकान्यात नुसते तुटके दोरे.
अ‍ॅप म्हणत होतं, शाब्बास! नवा उच्चांक!

रक्तदाब घेता घेता विचारलं.
दंडावरची हवा पुरती उतरेपर्यंत
तो काट्याकडे बघत राहिला.
एल्मा उठते, म्हणाला.
तिसरीचा वर्ग खोळंबलाय म्हणते.
इथंच शिकवायची ना, एकतीस वर्षं.
बाहेर उणे पंचवीस, दार कसं उघडू?
मग घरातल्या घरात नेतो शाळेत.
ओटा, जिना, न्हाणीघर, परत ओटा.
घंटा झाली म्हटलं की बसते.

फॉर्मवर 'ताण, एक ते पाच'.
त्यानं दोन लिहिलं होतं.
मी पेन हातात घेतलं,
ठेवून दिलं.

मार्चमध्ये बक्षीस: पाण्याची बाटली,
शाळेचं नाव कोरलेली. टाळ्या, फोटो.
सगळे पांगल्यावर तो टेबलाशी घुटमळला.
अजून एक मिळेल का, म्हणाला.
निळी असली तर बरं.