मठारकाम

रात्री दहानंतर मशीन स्वस्त पडतं.
दिवसा त्यात गुडघे जातात, मणके जातात;
अनुदानाच्या वाट्याला येते ती रात्र,
गंगापूर रोडच्या तळघरातली,
स्वेटरवर स्वेटर घालून बसायची.

वडके तात्या सव्वादहाला येतात,
भांडी बाजारातून, नातवाच्या स्कूटरवर,
डावा हात उजव्याने धरून,
जसं कोणी दुसऱ्याचं पोर सांभाळायला दिलंय.

वय? विचारलं होतं पहिल्या दिवशी.
"सहा सिंहस्थ बघितलेत. त्यात काय बसतं ते लिही."
रकान्यात चौऱ्याहत्तर बसलं.
धातूशी संबंध? हो किंवा नाही.
यावर ते बराच वेळ हसले.
आधी डोळ्यांचा एक्स-रे काढावा लागला,
बुबुळामागे एखादा कण राहिला असेल तर
चुंबक तो ओढेल, म्हणून.
"तांब्याला चुंबक धरत नाही, पोरी."
छिन्नीला धरतं, मी म्हटलं.
तेव्हापासून आमचं जमलं.

बोगद्यात गेले की मशीन मठारायला लागतं.
अर्ध्या तासाने बाहेर येतात, कान चोळत:
"दुसरा होता तो कारागीर बरा.
तिसऱ्याला घरी जायची घाई."

पडद्यावर त्यांचा मेंदू, करडा.
लहान मेंदूतून थॅलॅमसकडे,
तिथून वर, हाताच्या पट्टीपर्यंत,
आणि फिरून पुन्हा तीच वाट.
सेकंदाला पाचदा ती स्वतःलाच हाक मारते
आणि ग्लासातला चहा बशीत येतो.
अर्जात आम्ही याला सर्किट म्हटलंय.
"आळी म्हण," तात्या म्हणाले.
"एकाने ठोकलं की शेजारचा ठोकतो.
थांबा म्हणणारा कोणी नाही."

गुंडाळी आठाच्या आकड्यासारखी, प्लास्टिकमध्ये बंद.
नखाने वाजवून विचारलं, "आत तांबंच ना?"
पहिला ठोका दिला डोक्याच्या उजव्या अंगाला
आणि डावा अंगठा उडाला.
ते त्याच्याकडे बघत राहिले.
"हे मी केलेलं नाही."
नाही, तात्या.
"मग थरथर तरी माझी कशावरून?"

हे लिहायला फॉर्मात जागा नव्हती.

चौथ्या आठवड्यात गुंडाळी बदलली.
कोणती खरी, कोणती नुसती वाजणारी,
मलाही ठाऊक नाही; पाकीट पुण्यात, सीलबंद.
कोणालाच कळू नये, हीच सगळी शिस्त.
दहा ठोके झाले आणि तात्यांनी हात वर केला.
"आज भांडं पोकळ आहे."

हो म्हणता येईना. नाही म्हणता येईना.
"पत्रा जाड की पातळ, आम्ही बघून नाही ठरवत.
असू दे. चालव. एवढ्या थंडीत आलोय."

वीस मिनिटं चालवलं.
मग वॉचमनने चहा आणला, तात्यांनी ग्लास उचलला,
प्यायले, ठेवला.
बशी कोरडी.
बराच वेळ आम्ही दोघं त्या बशीकडे बघत होतो
आणि दोघांपैकी कोणीच काही म्हणालं नाही.

विचलन अहवाल, नमुना चार:
सहभागी व्यक्तीने आवाजावरून ओळखले असावे.
एवढ्या एका ओळीने चाळिसाचे एकोणचाळीस होतात,
आणि तिसरा हप्ता अजून दिल्लीतच.
'असावे' खोडलं. पुन्हा लिहिलं.
बशीचं लिहिलं नाही. मग तेही लिहिलं.

मंगळवारी ते परत आले.
सांगितलं, तात्या, तुम्ही आता हिशोबात नाही.
"अर्धं मठारलेलं भांडं कोणी टाकून जातं का?"
लॉकरमध्ये चष्मा ठेवला, चाव्या ठेवल्या,
टोपीसुद्धा काढून ठेवली.
"आधी वाजवून दाखव."

मी गुंडाळी हवेत धरली,
कोणाच्याच डोक्यावर नाही, अशी,
आणि एकदा वाजवली.
त्यांनी डोळे मिटले.
मांडीवर डावा हात आपल्याच तालात चाललेला.
"हं," म्हणाले. "अजून एकदा."