काळं पाणी

बार्सेलोसहून मानाउस : दोन रात्री, होडीच्या पोटात
दीडशे पसरट टब, बोटभर पाण्यात
लाल-निळ्या ठिणग्या.
देउझिमार त्यांना आधीपासून उपाशी ठेवतो.
"खाल्लं की घाण, घाण झाली की मरण,"
एवढंच सांगतो, आणि आपलं कसाव्याचं पीठ
त्यांच्याकडे पाठ करून खातो.

टब इंजिनापासून लांब. कंदील नको.
मेलेला मासा तेवढा चिमटीने उचलायचा,
शेजारच्याला कळायच्या आत.

दर चार तासांनी नदीच ओततो त्यांच्यावर,
कोऱ्या चहासारखी.
ब्रांको येऊन मिळते तिथे मात्र
बादली उपडी घालून तिच्यावर बसतो.
हे पाणी परकं.
आता पिंपातलंच पुरवायचं.

पहाटे मानाउसचे दिवे.
पुढे पिशवी, विमान,
कुणाच्या तरी दिवाणखान्यातलं गोरं पाणी.

पिंपात उरलेलं काळं
तो धक्क्यावर ओतत नाही.
परत नेतो.