शिंपिणीची टेप

रुस्तावीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात
लोक आधी बॉनेट उघडतात,
टायरला लाथ मारतात,
किलोमीटरचा आकडा वाचून माझ्याकडे बघतात.
एतेरी आली ती गळ्यात टेप घालून,
कापड मापायची, पिवळी, सुरुवातीचे आकडे झिजलेली.

मागून वाझा, काठी टेकत.
चियातुराच्या खाणीत त्याचा उजवा पाय
एकदा सरळ झाला तो सरळच राहिला.

दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या,
राखाडी सेडान, पांढरी एसयूव्ही,
दोघीही अमेरिकेत कुठेतरी आपटून
बोटीने पोतीला उतरलेल्या,
इथे पत्रा ठोकून पुन्हा लग्नाच्या झालेल्या.
"मोठी घ्या," मी म्हणालो, "ऐसपैस आहे."
हे वाक्य मी दिवसातून दहादा वापरतो,
आता त्याची कड झिजलीय.

ती मागचं दार उघडून आत शिरली,
पाठीपासून पुढच्या पाठीपर्यंत टेप ताणली.
सेडान एकाहत्तर.
मोठी अडुसष्ट.
"बाहेरून हत्ती," ती म्हणाली, "आणि आत?"
मी डोक्यावरची जागा दाखवली.
"तिथे काय, टोपल्या टांगू?"

मग मांडीखाली तळहात सरकवला.
मोठीची गादी आखूड,
गुडघ्याच्या चार बोटं अलीकडे संपते,
अस्तर कमी पडलेल्या कोटासारखी.
सेडानची लांब, मऊ,
पण मधल्या माणसाच्या पायाखाली उंचवटा.
"मधे कोण बसणार?" मी विचारलं.
"मधे कोणी नाही."

फोन काढला. मिंदिया, मुलगा,
पोलंडात गोदामात कामाला, सहा फूट तीन इंच.
"भिंतीला पाठ लाव. गुडघ्यापर्यंत मोज.
नीट मोज, अंदाजे नको."
पासष्ट.

आता गणित बिघडलं,
कारण वाझाला पुढची सीट पार मागे लागते.
ती मागे घेतली की
दोन्ही गाड्यांत सत्तावन्नाच्या आसपास.
अंथरूण पाहून पाय पसरावे, म्हणतात.
इथे पाय आधीच पसरलेला होता
आणि सगळे अंथरूण शोधत होते.

ती परत आत शिरली. परत मोजलं.
मला वाटलं, आता ही टेपच ओढून लांब करणार.

वाझा तोवर एक शब्द बोलला नव्हता.
काठीने त्याने पुढची डावी सीट दाखवली:
"चालवणार तू. तो तुझ्या मागे बसेल."

एतेरी माझ्या खांद्याला लागते.
तिने सीट पुढे ओढली, इतकी की
स्टिअरिंग छातीशी आलं,
आणि मागे
चौऱ्याऐंशी.
कुठल्याही गाडीत चौऱ्याऐंशी.
आयुष्यभर मान वर करून बोललेल्या बाईला
बुटकेपणाचा उपयोग सापडला तेव्हा
ती हसली नाही,
फक्त आकडा दोनदा वाचला.

उरली बसून बघायची गोष्ट.
सेडानमध्ये वाझा खाली, खाली, आणखी खाली गेला,
मी एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने,
आणि बूड टेकताना
त्याच्या तोंडून तो आवाज निघाला,
खाणीतून पाणी उपसावं तसा.

मोठीची सीट त्याच्या कमरेशी आली.
तो टेकला. वळला.
पाय मागोमाग आला, मुकाट्याने.
एतेरी कान तिरका करून उभी होती.
अकरा वर्षं जो आवाज
दर खुर्चीला, दर पलंगाला, दर बाकाला ऐकला
त्याची वाट बघत.
आला नाही.

"ही," ती म्हणाली.
"गादी आखूड आहे, ती मी वाढवून घेईन.
त्याचे तीनशे लारी कमी करा."
मी शंभर म्हणालो. दोनशेवर उरकलं.

जाताना फोनवर तिने एवढंच सांगितलं,
"चौऱ्याऐंशी."
पलीकडे बराच वेळ
नुसता माल वाहणाऱ्या पट्ट्याचा घरघराट.
मग तो म्हणाला, "इतकी कशाला, आई,"
आणि ती म्हणाली, "ऑगस्टात ये आणि बघ."

मी सेडान पुसायला घेतली.