व्हय म्हाराजा, शुक्रवार

मालवणात धुरीवाड्यात, आरोलकरांच्या बर्फाच्या कारखान्यावर
जिना चढून गेलं की उजवीकडे आम्ही.
चार खुर्च्या, त्यातली एकच फिरते.
रोज सकाळी तिच्यावरून भांडण,
बाकी कामं त्यानंतर.

लिलावाचा हिशेब लिहितो आम्ही.
म्हणजे हिशेब मशीन लिहितं,
मशीन कुठे चुकलं ते आम्ही.

गेले अकरा दिवस
सुरमईचा भाव मधूनच शून्य होतोय.
बांगड्याचा नाही, पापलेटचा नाही, सुरमईचाच.
आणि आम्ही डोळे लावून बसलो
की पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं
सगळं शहाणं.

"माझ्याकडे चालतंय," सुहृद म्हणतो.
"मग सगळ्या मासेवाल्यांना तुझ्याकडेच पाठवते,"
मनस्वी म्हणते, "चहाचं आधण ठेव."

सातशेव्या ओळीच्या वर कुणीतरी लिहून ठेवलंय:
'ह्या कशाक चलता माका ठाव नाय.
चलता म्हणान ठेवलंय.'
खाली तारीख. खाली सही.
सही करणारा आता हिंजवडीत,
फोन उचलत नाही.

फोन करतात त्या शेवंती आक्का.
"सुरमय शून्यान इकू?
मगे आधी तुमचो कंप्युटर इकतंय.
वजनार."

मनस्वीने पंप्यासारखी मान हलवली.
मी कोड वाचला, मग उलटा वाचला,
मग एक ओळ काढली, सगळं कोसळलं,
ती परत घातली, तरी कोसळलेलंच राहिलं.
त्या दिवशी मी जेवले नाही असं नाही,
पण सोलकढी सोडली.

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी
(शुक्रवारी काही नवं चढवू नये, हे सगळ्यांना माहीत,
म्हणूनच साहेबांनी शुक्रवार धरलेला)
ग्रेशियस उठून उभा राहिला.
शेजारच्या राऊळांचं ऐकून ऐकून
त्याला गाऱ्हाणं अख्खं पाठ.
समोर नारळ नव्हता, माऊस ठेवला.

"बा देवा म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"आज सांजवेळेक ही चार पोरां तुझ्या पायाकडे हुबी हत."
"व्हय म्हाराजा!"
"पगार वेळेर नाय, खुर्चये धड नाय, तरी कोड लिवतत."
"व्हय म्हाराजा!"
"काल रात्री सुहृदान एक कॉमा खाल्ल्यान असात,
तर तो तेच्या पोटात जिरान जांवदे."
सुहृद गप्प. आम्ही दोघी: "व्हय म्हाराजा!"
"साहेबान आयत्या वेळेक 'एक बारीकसो बदल' सांगल्यान,
तर तेची रेंज जांवदे."
"व्हय म्हाराजा!" (खिडकी हलली)
"आणि सुरमयेक जो कोण शून्य करता,
भूत असो, वारो असो, नायतर आमच्यातलोच कोण असो,
तेका आल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा!"

दारात दाजी कांबळी उभे होते, खालचे मिस्त्री,
हाताला ग्रीस, बगलेत पाना.
किती वेळ, कोण जाणे.
"पाचाक सुरमयेचे होडये लागतत," ते म्हणाले,
"मगे मी बर्फ फोडूचा मशीन चालू करतंय.
दिवे बारीक होतत. तुमका दिसाक नाय?"

दिसलं होतं.
आम्ही दिवा बदलला होता.

आमच्या लॅपटॉपना बॅटरी असते.
खाली काट्याजवळच्या त्या जुन्या मशीनला नसते.
बारा हजार ओळी वाचून झाल्या होत्या आमच्या,
वायर एकानेही नाही.

"माझ्याकडे चालत होतं," सुहृद पुटपुटला,
आणि पहिल्यांदाच
त्यावर कुणाला काही सुचलं नाही.

ग्रेशियसने माऊस उचलून जागेवर ठेवला,
जरा नमस्कार केल्यासारखं करून.

दाजी फिरत्या खुर्चीत बसले.
पाना मांडीवर.
पाय उचलून एक गिरकी घेतली,
थांबले, मग उलटी एक.
सकाळपासून ती खुर्ची माझी होती.
मी काही बोलले नाही.