आभार म्हणजे पुरे

आमच्याकडे, ताकुआरेंबोच्या उत्तरेला,
येर्बाच्या कडू काढ्याचा भोपळा हातातून हातात फिरतो.
नळी एकच, पाणी एकाच थर्मासातलं,
आणि परत देताना कुणी 'आभार' म्हणालं
की समजायचं, याला आता पुरे.
पुढच्या फेरीत भोपळा त्याला वगळून जातो.
कुणी रागावत नाही. रीतच तशी.

वाल्देमार त्या हंगामात
पहिल्याच घोटाला आभार म्हणू लागला.

दिवसाला दीडशे मेंढ्या भादरणारा माणूस.
मेंढी त्याच्या गुडघ्यांत अशी बसायची
जसं न्हाव्यापुढे पेंगुळलेलं पोर.
आता तो यंत्र हातात गुरगुरत ठेवून
पत्र्याच्या भिंतीकडे बघत राहायचा,
मेंढी अर्धी उघडी, अर्धी लोकरीत.

मी लोकर निवडणारी.
त्याच्या हातची लोकर माझ्या टेबलावर
अखंड यायची, चादरीसारखी;
ती तुकड्यातुकड्यांनी येऊ लागली.
म्हणजे सगळ्यांत आधी मला कळलं होतं.
आणि मी काय केलं?
तुकडे वेगळ्या पोत्यात भरले.

मुकादम म्हणाला, झोप काढ जरा.
एल्बियो म्हणाला, कामात राहिला की जाईल.
कुणी म्हणालं, पुरुषासारखा पुरुष –
पुढचं कुणी बोललं नाही,
त्या वाक्याला पुढचं लागतच नाही.

मग ते कुरणातलं.
ज्या कळपांची पाळी अजून यायची असते
त्यांची लोकर दवाने जड होते,
आणि एखादी धडधाकट मेंढी खळग्यात लोळते
ती पाठीवरच अडकते. चारी पाय आभाळाला.
रोग नसतो तिला काही.
आपली आपण उठू शकत नाही, एवढंच.

आम्ही पोती आणायला चाललो होतो, तेव्हा दिसली.
वाल्देमारने तिला कुशीवर घेतलं, उभी केली
आणि सोडली नाही.
'लगेच सोडली तर पुन्हा पडते,' म्हणाला,
'पायांना मुंग्या असतात.'
दोन्ही मांड्यांत तिला धरून उभा राहिला
किती वेळ, कोण जाणे.

तेव्हा मी विचारलं.
ठरवून नाही. जीभ टाळूला चिकटली होती.
'वाल्देमार, जगणं नकोसं झालंय का तुला?'

मला वाटायचं, असलं काही विचारलं
की माणसातलं काहीतरी फुटतं.
काही फुटलं नाही.
टिटवी ओरडत होती, ती दिवसभर ओरडतेच.
मेंढीच्या कानाकडे बघत तो म्हणाला, 'रात्री.'
मग बऱ्याच वेळाने,
'रात्रीच जास्त.'

त्या रात्री तो आमच्या स्वयंपाकघरात झोपला.
गुरुवारी दवाखाना. पासष्ट किलोमीटर, एकच बस.
धुतलेली टोपी, मुठीत चौदा नंबरची चिठ्ठी.
समोरच्या बाकावर शाळेतली शिपाईणबाई.
तिने त्याला ओळखलं, त्याने तिला,
दोघंही फरशीकडे बघू लागली.
मग ती थोडी सरकली
आणि तो तिच्याशेजारी जाऊन बसला.

आत पाऊण तास.
बाई काय म्हणाल्या, मी विचारलं नाही.
'पुढच्या गुरुवारी पुन्हा,' तो कुरकुरला,
छपराचा पत्रा बदलायचा राहिलाय म्हणावं तसा.

बरा झाला का, लोक मला विचारतात.
काय सांगू? एखाद्या गुरुवारी बस चुकवतो.
एखाद्या रात्री फोन वाजतो, पलीकडे नुसता श्वास;
मी किटली चढवते,
तिचा आवाज दोघंही ऐकतो.
लोकर अजून कधी तुकड्यांनी येते.
आता मी पोतं तिथेच टाकून उठते.

काल संध्याकाळी भोपळा त्याच्याकडे गेला.
नळीत शेवटचा घोट खुळखुळला.
परत देताना तो काहीच म्हणाला नाही.

मी पुन्हा भरला.