विषाची मात्रा

दिवसा मी इश्पेमिंगमध्ये औषधं मोजतो.
मिसेस कोस्केलांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या:
वजन घटलं की अर्धी, किडनी थकली की पाव.
रात्री तळघरात, वॉशिंग मशीनशेजारी,
तेच काम पुढे चालू.
जुन्या राक्षसांना नवी मापं.

'काळ्या जात्याचं विवर'. बत्तीस पानं, दोन पिना,
मधोमध निळ्या शाईचा नकाशा.
चौऱ्याऐंशी साली शेजाऱ्यांचा बर्फ उपसून
त्या पैशांत घेतलेलं.

तेव्हाच्या नियमांत चिलखत जितकं भक्कम
तितका आकडा लहान,
पार शून्याखाली उतरायचा, आमच्या जानेवारीसारखा.
आता भक्कम म्हणजे मोठा.
वीसातून जुना वजा करायचा, झालं.
गॉब्लिन एका संध्याकाळी उरकले.
नव्यात त्यांना जीव जरा जास्त दिलाय;
बिचारे चाळीस वर्षं एका फटक्यात मरत होते.

अडलो चौदाव्या खोलीशी.
"कोळी, एक. चावल्यास विष. पासा चुकला तर मृत्यू."
पुढे पूर्णविराम,
बंद खाणीच्या तोंडावरच्या पाटीसारखा.

नवे नियम मऊ मनाचे.
विष चढतं, हात थरथरतात, तासाभरात उतरतं.
कोसळलाच कुणी, तरी मरण उंबऱ्यावर थांबून
तीनदा पासे मोजतं.

ह्याच खोलीत एल्रॉय गेला.
म्हणजे त्याचा चोर, राखाडी टोबिन,
सहा महिने वाढवलेला,
दोरीची लांबीसुद्धा कागदावर टिपलेली.
हवे होते तेरा, पडले चार.
मी पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तक म्हणालं, मृत्यू.
चौदा वर्षांचा होतो,
छापलेलं तेवढं खरं मानायचो.
एल्रॉयनं कागदाच्या चार घड्या केल्या,
खिशात घातल्या आणि जिना चढून गेला.
त्याच उन्हाळ्यात खाण मिटली,
त्याचं बिऱ्हाड डलूथला हललं.

एक गोष्ट सांगायची राहिली.
नकाशात तेरावी खोली होती, पुस्तकात नव्हती.
पोरांनी विचारलं तेव्हा मी ठोकून दिलं:
अशुभ आकडा, बांधणाऱ्यांनी रिकामी सोडली.

परवा अकरावं पान बोटाला जाड लागलं.
किटलीची वाफ धरली,
लोणी लावायची सुरी हळूच आत सरकवली.
चाळीस वर्षांची रूट बिअर
चर्र करून सुटली.
आत तेरावी खोली. पलंग. पलंगाखाली पेटी.
पेटीत हिरवी कुपी:
"कोळ्याच्या विषावर उतारा. एक मात्रा."

एक मात्रा.
मी, जो प्रत्येक बाटली दोनदा मोजतो.

एल्रॉयचा नंबर त्याच्या बहिणीकडून मिळवला.
सगळं सांगितलं. त्याच्याकडे टीव्हीवर हॉकी चालू होती.
"अरे रेइनो," तो म्हणाला, "मी रुसून नव्हतो गेलो.
जेवायला हाक आली होती."
मी हसलो. तोही.
मग बऱ्याच वेळानं, आवाज खाली आणून,
"दोरी पन्नास फूट होती, ना?"

शनिवारी वाचनालयात पाच पोरं जमली.
तेरावी खोली मी नीट लिहून काढली होती,
पेटी, कुपी, सगळं सगळं.
विष मात्र जुनंच ठेवलं.
का, ते मलाही सांगता येणार नाही.

इंगा, वय अकरा, दात पडलेले, म्हणाली,
"पलंगाखाली कोण बघतं? पुढे चला."
चौदाव्या दारावर तिनं पाय उगारला.

"थांब जरा," मी म्हणालो.
"पलंगाखाली काहीतरी हिरवं चमकतंय."
हे जुन्या पुस्तकात नाही, नव्यातही नाही.

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं.
"सापळा," ती म्हणाली,
आणि पासे उचलले.