आठ गुरू

निलंग्याची शाळा, नववी ब.
गृहपाठ दिला होता: सोळा मात्रांच्या चार ओळी.
चव्वेचाळीस वह्या. बहुतेकींत फुलपाखरू,
तेही एकाच गाइडातलं.
अयोध्या सुरवसेच्या वहीत मात्र हे:

ताई तिकडं राहूलाली
खाट रिकामी पाहूलाली
आई ताटं मांडूलाली
एक उचलून ठेवूलाली

लाल पेन हातातच होतं.
'राहूलाली'खाली रेघ ओढली, समासात लिहिलं:
राहत आहे. प्रमाणभाषा वापरावी.
मग बोटांच्या पेरांवर मात्रा मोजल्या.
राहूलाली, आठ. राहत आहे, आठ.
हिशेब जुळला.

मोठ्यानं वाचलं तर चाल निराळी.
माझ्या दुरुस्तीत मधेच दोन लघू पळतात,
एसटी सुटायला आल्यासारखे.
तिच्या शब्दात चारही अक्षरं लांब,
पाय ओढत चाललेली.

'राहू'ला 'पाहू' चपखल बसतो,
'मांडू'ला 'ठेवू' बसत नाही.
यमक सैल, असं लिहून अर्धा गुण कापला
आणि तिथंच अडकलो.
ताट उचललं तर जागा सैल राहणारच की.

तिसऱ्या ओळीवर खुणा करून पाहिल्या.
आ ई ता टं मां डू ला ली.
आठच्या आठ गुरू. लघू औषधालाही नाही.
वीस वर्षं फळ्यावर अर्धचंद्र नि आडव्या रेघा काढतोय,
इतकी जड ओळ कुणी बसवायला सांगितली असती
तर मला जमली नसती.
आणि चौथीत एकदम क, उ, च,
तीन लघू लागोपाठ,
कुणी बघायच्या आत हात मागं घ्यावा तसे.

तिला यातलं काही ठाऊक नसणार.
विचारणार नाही मी. विचारलं
तर पुढच्या वेळी मोजून लिहील.

'तिकडं' म्हणजे लातूर.
थोरलीच्या क्लासचा पत्ता मीच दिला होता,
तिच्या वडलांना, याच लाल पेनानं,
बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर.

आतून बायकोनं विचारलं, "काय करूलालाव एवढा वेळ?"
"तपासूलालो," म्हणालो,
आणि सवयीनं मोजलं.
नऊ भरल्या.
एक मात्रा जास्त.